भूमध्य समुद्राकाठी सहा जण, बारा रात्री: आमचा सल्ला नेपल्स आणि सिसिलीचा

प्रश्न थोडक्यात असा. ठाण्याचे सहा जणांचे कुटुंब: नवरा-बायको, तेरा आणि आठ वर्षांची मुले, सत्तरीला टेकलेले सासू-सासरे. सासऱ्यांचे गुडघे कुरकुरतात. सासूबाई शुद्ध शाकाहारी, अंडेही चालत नाही, संकष्टीही सोडत नाहीत. बाकीचे पाच जण सगळे खातात, मासे तर आवडीने. मे महिन्यात बारा रात्री हातात आहेत. यादीत बार्सिलोना, नीस, रोम, सँटोरिनी आणि इस्तंबूल आहे, एजंट म्हणतो क्रूझ घ्या. तर पाहायचे काय, आणि खायचे काय?

सूनबाई, तुमची यादी नकाशावर मांडून बघा. पाच ठिकाणे म्हणजे मधले चार प्रवास. सहा जण, सात-आठ बॅगा, आणि दर वेळी पॅकिंग, टॅक्सी, विमानतळ, चेक-इन यात एक अख्खा दिवस जाणार. बारापैकी चार दिवस असे संपले की उरलेल्या आठांत आजोबांना विश्रांती कुठून द्यायची? कुटुंबांच्या सहली आखण्यात आमची बरीच वर्षे गेली, आणि मी सगळ्यात जास्त वेळ लोकांच्या यादीतली नावे खोडण्यात घालवतो.

क्रूझबद्दल आधी बोलतो, कारण ते अगदीच टाकाऊ नाही. गुडघ्यांचा त्रास असलेल्या माणसाला रोज तीच खोली, तीच लिफ्ट आणि बसल्या जागी समुद्र, हे सुख खरे आहे. पण जहाज बंदराला सकाळी लागते आणि संध्याकाळी सुटते. "रोम" म्हणून जिथे उतरवतात ते चिवितावेकिया बंदर रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर आहे, म्हणजे जाण्या-येण्यातच तीन तास गेले. शिवाय जेवण जहाजावर, बुफेचे. तुम्ही पत्रात खाण्याबद्दल दोन परिच्छेद लिहिलेत. अशा माणसांनी क्रूझ घेऊ नये.

मी तुम्हाला दक्षिण इटलीतले नेपल्स शहर आणि सिसिली बेट सुचवतो. रात्रींची वाटणी: नेपल्सला चार, नेपल्स-पालेर्मो बोटीवर एक, सिसिलीतल्या पालेर्मोला तीन, सिराकुसाला चार. विमानाने नेपल्सला उतरायचे आणि सिसिलीतल्याच कातानियाहून परत निघायचे. मुंबईहून दोन्हीकडे थेट विमान नाही, आखात किंवा इस्तंबूल असा एक थांबा पडतो. इस्तंबूलची हौस तिथल्या विमानतळावरच्या चहाने भागवा. तुर्कस्तान शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही, त्याचा व्हिसा वेगळा लागतो.

दक्षिण इटलीच का, याचे अर्धे उत्तर सासूबाईंच्या ताटात आहे. उत्तर इटलीत ताजा पास्ता अंडे घालून मळतात. दक्षिणेचा रोजचा पास्ता म्हणजे कडक गव्हाचा रवा आणि पाणी, बस. नेपल्सच्या पारंपरिक पिझ्झाच्या कणकेतही पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट एवढेच असते. वांगी, टोमॅटो, वाटाणे, चणे, बटाटे, ऑलिव्ह तेल यांच्यावर हा मुलूख जगत आला आहे, मांस सणावारी. शाकाहारी माणसाला इथे "सॅलड घ्या" असे ऐकून गप्प बसावे लागत नाही.

तरी गनिमी कावा आहेच, तो आधी सांगून ठेवतो. पार्मेजान आणि पेकोरिनो या चीजमध्ये वासराच्या किंवा कोकराच्या जठरातून काढलेले, दूध गोठवणारे रेनेट असते. सासूबाईंना ते चालत नसेल तर पिझ्झा मारिनारा मागवा: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल, चीज नाहीच. पदार्थ "भाजीचा" दिसला तरी त्यात अँचोव्ही मासळी विरघळलेली असू शकते, पालेर्मोच्या स्फिंचोने या जाड पावासारख्या पिझ्झात ती हमखास असते. सिसिलीत भाताचे तळलेले गोळे मिळतात, आरांचिनी. त्यातला "लोण्याचा" म्हणून विकतात त्यात सहसा हॅम असते, पिस्त्याच्या आरांचिनीतही बऱ्याचदा असते. पालकाचा किंवा वांग्याचा घ्या, तोही विचारूनच. कान्नोलीच्या कुरकुरीत नळीत डुकराची चरबी आणि वाइन पडते, नेपल्सच्या पापुद्रेदार स्फोल्यातेल्लेतही पारंपरिक कृतीप्रमाणे चरबीच. आणि "बाबा" नावाचा गोंडस केक रममध्ये भिजवलेला असतो, धाकट्याच्या हातात द्यायच्या आधी लक्षात ठेवा. काय चालत नाही ते इटालियनमध्ये कागदावर छापून न्या: मांस नको, मासे नकोत, अँचोव्ही नको, हॅम नको, चरबी नको, अंडे नको. "मी व्हेजिटेरियन आहे" एवढ्यावर हॅमचे दोन तुकडे येऊ शकतात, यादीवर येत नाहीत.

आता नेपल्स. शहर गोंगाटी आहे, गल्लीत स्कूटर अंगावर येतात, भिंती रंगवलेल्या आणि कपडे वाळत घातलेले. मुंबईकर माणूस पहिल्या तासात रुळतो, युरोप म्हणजे स्वित्झर्लंड असे ज्याच्या डोक्यात आहे तो बिथरतो. सासऱ्यांना आधी सांगून ठेवा. खिसे-पर्स सांभाळायची, विशेषतः पॉम्पेईकडे जाणाऱ्या चिर्कुमवेसुव्हियाना लोकलमध्ये. ती जुनी, गर्दीची आणि उकाड्याची आहे.

इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीने आसपासची गावे गाडली, त्यांतली दोन म्हणजे पॉम्पेई आणि हर्क्युलेनियम. सगळे पॉम्पेईला धावतात. तुमच्या घराने विभागून जावे असे मला वाटते. पॉम्पेई अफाट आहे, दगडी फरसबंदी उंचसखल, सावली जवळपास नाहीच. तिथे मुले आणि त्यांचे बाबा जाऊ देत. तिकीट आधी ऑनलाइन काढा. नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असते, त्यामुळे पासपोर्ट बरोबर ठेवा. अठराखालच्या मुलांना प्रवेश मोफत. आजी-आजोबांनाही यायचेच असेल तर अँफिथिएटरच्या बाजूने आत शिरा. तिथून "सर्वांसाठी पॉम्पेई" नावाचा साडेतीन-एक किलोमीटरचा सपाट केलेला मार्ग आहे, हवा तेवढाच चालून मागे फिरता येते.

हर्क्युलेनियम मात्र सगळ्यांनी मिळून बघा. गाव लहान, दोन-अडीच तासांत आरामात होते. इथे उष्ण वायू आणि राखेच्या लोटांनी लाकूड जळून न जाता कोळशासारखे झाले, म्हणून दोन हजार वर्षांपूर्वीचे दरवाजे, तुळया, पलंग उभे आहेत, घरांचे वरचे मजलेही. किनाऱ्यावरच्या होड्यांच्या कमानींमध्ये सुमारे ३०० माणसांचे सांगाडे सापडले. आठ वर्षांच्या मुलाला ते दाखवायचे की नाही, तुम्ही ठरवा. स्टेशनपासून रस्ता सरळ उताराचा आहे, म्हणजे परतताना चढाचा. तेव्हा आजोबांना टॅक्सी करा, हुज्जत घालू नका.

नेपल्सचे पुरातत्त्व संग्रहालय चुकवू नका. मंगळवारी बंद असते. पॉम्पेई-हर्क्युलेनियममधली उत्तम चित्रे, भांडी, मोझेक सगळे इथे आणून ठेवले आहे, आणि मराठी माणसाने तिथे एका वस्तूसाठी जावे. १९३८ साली पॉम्पेईच्या एका घरात हस्तिदंताची एक छोटी भारतीय स्त्रीमूर्ती सापडली, जेमतेम पंचवीस सेंटीमीटर उंच, दागिन्यांनी मढलेली, दोन्ही बाजूंना दोन लहान दासी. "पॉम्पेईची लक्ष्मी" म्हणून ती प्रसिद्ध झाली, जरी ती यक्षी असावी असे बरेच अभ्यासक मानतात. तिच्याशी नाते सांगणाऱ्या हस्तिदंती मूर्ती आपल्याकडे धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळाल्या आहेत, आणि ती सातवाहनांच्या मुलखात, कदाचित भोकरदनलाच, घडली असावी असे एक मत आहे. ते खरे असेल तर मराठवाड्यातून निघालेली वस्तू व्हेसुव्हियस फुटण्याआधी समुद्र ओलांडून तिथे पोचलेली होती. तेरा वर्षांच्या मुलीला हे आधी सांगा आणि शोधायला लावा. एक सावधगिरी: मूर्ती ठेवली आहे "गुप्त दालना"त, म्हणजे रोमन काळातल्या शृंगारिक चित्रांच्या खोलीत. सासूबाईंसोबत आत जाताना चेहरा कसा ठेवायचा ते तुमचे तुम्ही बघा.

नेपल्सचे खाणे दोन वाक्यांत सांगता येणार नाही, पण प्रयत्न करतो. तिथल्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला २०१७ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले. पिझ्झा दीड मिनिटाच्या आत भाजून निघतो, मध्ये ओलसर, कडेला फुगलेला. तो कापून येत नाही, प्रत्येकाने आपला एक घ्यायचा असतो. तुकडे वाटून खायला मध्ये ठेवला तर वाढपी काही म्हणणार नाही, पण थंड पिझ्झा चामड होतो. मार्गेरिता साधारण सहा ते नऊ युरोला. रस्त्यावर चार घड्या घालून कागदात मिळतो तो आणखी स्वस्त, मुलांना तोच जास्त आवडेल. तळलेला पिझ्झा शाकाहारी समजू नका, आत डुकराचे मांस असते. मासे खाणाऱ्यांनी कागदाच्या शंकूत मिळणारी तळणी घ्या: माकूल, कोळंबी, छोटे मासे, वर लिंबू. कॉफी काउंटरला उभ्याने प्या, टेबलाला बसलात की भाव चढतो.

पाचव्या दिवशी संध्याकाळी बोट. रात्री आठच्या सुमारास सुटते, सकाळी उजाडता पालेर्मो. चार बंकची केबिन मिळते, तुम्ही दोन केबिन घ्या आणि आजी-आजोबांना खालचे बंक द्या. हॉटेलची एक रात्र वाचते, विमानतळ टळतो, आणि मुलांना क्रूझची हौस फुकटात. जेवण मात्र नेपल्समध्येच आटपून किंवा पिझ्झा बांधून चढा. आगगाडीने जायचे म्हटले तर तीही मौज आहे, मेसिनाच्या सामुद्रधुनीत अख्खी गाडी बोटीवर चढवतात. पण तो दिवसभराचा बसून प्रवास आहे, गुडघ्यांना तो नको.

पालेर्मोत दोनच गोष्टी ठरवून बघा, बाकी बाजारात हिंडा. एक, राजवाड्यातली कापेल्ला पालातिना. नॉर्मन राजा दुसरा रॉजर याने बाराव्या शतकात बांधलेली ही प्रार्थनागृहाची खोली: भिंतींवर बायझंटाइन धाटणीचे सोनेरी मोझेक, वर अरब कारागिरांचे कोरीव रंगीत लाकडी छत, आणि राजा ख्रिस्ती. एका खोलीत तीन संस्कृती इतक्या सहज नांदताना मी दुसरीकडे पाहिलेल्या नाहीत. दोन, आठ-एक किलोमीटरवरचे मोन्रेआलेचे कॅथेड्रल, तिथे तेच सोने हजारो चौरस मीटरवर पसरले आहे. एकाच दिवशी दोन्ही केलीत तर मुलांचे डोळे दिपून थकतात, वेगळ्या दिवशी करा. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. सासूबाईंची साडी तिथे सगळ्यांत योग्य पोशाख ठरेल.

बाजार म्हणजे बाल्लारो. इथे सासूबाईंना पानेल्ले खाऊ घाला. चण्याचे पीठ पाण्यात शिजवतात, पार्सली घालतात, सुरळीच्या वडीसाठी पसरतो तसे पण जाडसर थापून कापतात आणि तळतात. मग पावात घालून वर लिंबू. अंडे नाही, चीज नाही. फक्त त्याच तेलात मासे तळत नाहीत ना, ते बघा. जोडीला पुदिना घातलेले बटाट्याचे क्रोके मिळतात, त्यात अंडे-चीज आहे का विचारा. तिथेच शेजारी गाईच्या प्लीहेचा पाव मिळतो, तोही पालेर्मोची शान आहे. धाडस सासऱ्यांनी करावे. कापोनाता ही आंबटगोड वांग्याची भाजी, सेलरी, ऑलिव्ह, केपर घालून केलेली, गारच वाढतात. मराठी जिभेला ती चटकन पटते.

बाल्लारोच्या आसपास बांगलादेशी आणि श्रीलंकन तमिळ लोकांची मोठी वस्ती आहे. त्यामुळे तांदूळ, डाळ, मसाले मिळतात. म्हणूनच पालेर्मोत आणि सिराकुसात हॉटेल नको, स्वयंपाकघर असलेले अपार्टमेंट घ्या. एका रात्री मुगाची खिचडी झाली की दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा पास्त्याला तयार. (तिथले तमिळ हिंदू शहराची संत रोझालिया हिच्या डोंगरावरच्या गुहेत भक्तिभावाने जातात. आजींना हे सांगितले तर त्याही जायचे म्हणतील, आणि जावेच.) घर ठरवताना लिफ्ट आहे का, हा पहिला प्रश्न. "सुंदर जुना वाडा, तिसरा मजला" यातले सुंदर आजोबांच्या उपयोगाचे नाही.

पालेर्मो ते सिराकुसा या दिवशी ड्रायव्हरसह व्हॅन करा. स्वतः गाडी चालवायचा मोह होईल, पण जुन्या गावांत मर्यादित वाहतुकीचे भाग असतात, कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाची चिठ्ठी काही महिन्यांनी ठाण्याला येते. शिवाय आंतरराष्ट्रीय परवाना लागतो आणि गियरविना मोठी गाडी सहज मिळत नाही. वाटेत आग्रिजेंतोची ग्रीक मंदिरे. वरच्या टोकाला, हेरा मंदिराच्या फाटकाशी उतरा आणि उताराने चालत या, व्हॅनला खालच्या फाटकाशी बोलवा. मधले कोन्कोर्दिया मंदिर इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातले आहे आणि जवळजवळ अखंड उभे आहे, कारण सहाव्या शतकात त्याचे चर्च झाले आणि कोणी दगड पळवले नाहीत.

हाच प्रकार सिराकुसाला जास्त ठसठशीत दिसतो. ओर्तिजिया या जुन्या बेटावरचे कॅथेड्रल म्हणजे अथेनाचे मंदिर. खांबांमधल्या जागा भिंतींनी बुजवल्या, खांब तसेच राहिले. बाहेरच्या भिंतीत ते जाडजूड डोरिक खांब मुलांना हाताने चाचपता येतात. ओर्तिजिया बहुतेक सपाट आहे, समुद्र चारी बाजूंना, वाहने कमी. सहलीतल्या शेवटच्या चार रात्री इथे ठेवण्याचे कारण हेच. आर्किमिडीज याच गावचा, इसवी सनापूर्वी २१२ मध्ये रोमन सैनिकाच्या हातून इथेच मारला गेला. मे महिन्यात जुन्या ग्रीक नाट्यगृहात प्राचीन नाटकांचा हंगाम असतो. त्यासाठी दगडी पायऱ्यांवर फळ्या टाकतात, म्हणून दिवसा दृश्य थोडे बिघडते, पण संध्याकाळी मावळत्या उजेडात प्रयोग सुरू होतो तेव्हा भाषा कळली नाही तरी चालते. जवळच डायोनिसियसचा कान नावाची गुहा आहे. तिथे धाकट्याला ओरडू द्या, प्रतिध्वनी ऐकायलाच लोक येतात.

इथला नाश्ता ग्रानिता. बदाम, लिंबू, तुतीचा बर्फाळ गर, पारंपरिक कृतीत ना दूध ना अंडे. त्यासोबत ब्रियोश देतात, त्यात अंडे असते, सासूबाईंना साधा पाव मागा. संकष्टीला तर बदामाची ग्रानिता, संत्री आणि उकडलेला बटाटा म्हणजे दिवस निघाला. रात्री पास्ता आल्ला नोर्मा: तळलेली वांगी, टोमॅटो, तुळशीच्या कुळातली बेझिलची पाने, वर खारवलेला रिकोटा, तो वगळायला सांगता येतो. मासे खाणाऱ्यांनी तलवार मासा आणि सारण भरलेली सार्डिन खावी, सार्डिन म्हणजे आपल्या तारलीची बहीण. मोदिकाचे चॉकलेट खरेदीला चांगले. ते कमी तापमानावर करतात म्हणून साखर विरघळत नाही आणि दाताखाली कणी लागते. बदाम-साखरेची फळांच्या आकाराची मार्झिपान मिठाईही बहुधा अंड्याविना असते, नातेवाइकांना तीच न्या.

दिवसाची आखणी तिथल्या घड्याळाने करा. सकाळी नऊ ते साडेबारा पाहणे, एकला जेवण, मग चारपर्यंत झोप. दुकाने आणि बरीच चर्चही तेव्हा बंदच असतात. संध्याकाळी गाव पुन्हा रस्त्यावर येते. रात्रीचे जेवण साडेसात-आठच्या आधी मिळत नाही, म्हणून मुलांसाठी पाच वाजता काहीतरी हवे. बिलात माणशी दोन-तीन युरो बैठकीचे आणि पावाचे लागतात, ती फसवणूक नाही, टीप वेगळी द्यायची सक्तीही नाही. आणि ऑगस्टचा विचारही करू नका. ११ ऑगस्ट २०२१ ला सिराकुसाजवळच ४८.८ अंश नोंदले गेले, तो युरोपातला उच्चांक आहे. मे चांगला, फक्त समुद्र अजून गार असतो. मुले तरी उतरतीलच.

व्हिसाचे काम आता सुरू करा. जास्त मुक्काम इटलीत, तेव्हा अर्ज इटलीकडे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात आणि मेच्या अपॉइंटमेंट लवकर संपतात. शुल्क मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या आतल्यांना निम्मे. विमा किमान ३०,००० युरोचा लागतोच, पण सासू-सासऱ्यांचा घेताना आधीपासूनचे आजार धरलेत का ते वाचा, स्वस्त पॉलिसीत धरत नाहीत. औषधे मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह. सोबत भाजणी, पोहे, मेतकूट चालते. तूप, पेढे, पनीर चालत नाही, युरोपीय संघात प्रवाशाला दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. हापूसही नाही. मे महिन्यात निघताना कोणीतरी पेटी पुढे करेलच, तेव्हा हे लक्षात असू द्या.

एटना ज्वालामुखीसाठी सिराकुसाहून एक दिवस काढा. साधारण १,९०० मीटरवर रिफुजियो सापिएन्झापर्यंत गाडी जाते, तिथल्या १८९२ च्या स्फोटातल्या छोट्या विवरांवर मुले भटकतील, आजी-आजोबा कॅफेत बसतील. मेमध्येही वर स्वेटर लागतो. डोंगर जिवंत आहे, २ जून २०२५ ला त्याने मोठा लोट फेकला होता. वर कुठपर्यंत जाऊ देतात ते त्या दिवशीच कळते. त्याची राख हवेत गेली की कातानियाचा विमानतळ काही तास बंद ठेवतात. म्हणून कातानिया ते मुंबई सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या, दोन वेगळ्या तिकिटांची जोडणी करून चार हजार वाचवू नका. पहिले विमान चुकले तर पुढची सोय कंपनीने करायची, सहा जणांची नवी तिकिटे तुम्ही काढायची नाहीत.